सॅड बॉईजचं मायामीत काय बिघडलं

आलेला प्रश्न असा: "दादा, आम्ही सांगलीचे तिघं मित्र. दोघं बीट्स करतो, एक गातो. यंग लीन आणि सॅड बॉईज म्हणजे आमचं दैवत. ही स्वीडनची पोरं सोळा-सतराव्या वर्षी जगभर कशी पोचली? आणि मायामीत त्यांचं नेमकं काय झालं? विचारायचं कारण म्हणजे, आमचा गाणारा गेले चार महिने खोकल्याचं सिरप आणि झोपेच्या गोळ्या घेतोय. तो म्हणतो, लीनचा आवाज त्यातूनच आला, शुद्धीवर असताना असं गाताच येत नाही. त्याला काय सांगू?"

आधी शेवटचा प्रश्न घेतो. बाकीचं थोडं थांबलं तरी चालेल.

तुझा मित्र म्हणतो ते खरं नाही. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. एकोणीस वर्षं मी पुण्यात मिक्सिंग, म्हणजे रेकॉर्ड झालेले आवाज जुळवून गाणं बांधायचं काम, करतोय, त्यातली निम्म्याहून जास्त रॅप आणि इलेक्ट्रॉनिक संगीतावर गेली. असा आवाज कशाकशाने तयार होतो ते मला कानांनी माहीत आहे आणि हातांनीही. त्या गाण्यांत जे ऐकू येतं त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मी तुला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवू शकतो. सिरपने त्यात काय केलं हेही दाखवू शकतो, पण ते गाण्यात सापडणार नाही. ते २०१५ च्या एप्रिलमध्ये सापडेल.

आता सुरुवातीपासून.

सॅड बॉईज हा स्वीडनच्या तिघांचा रॅप ग्रुप. योनातान लेआन्दोएर होस्ताद म्हणजे यंग लीन, कार्ल-मिकाएल बेर्लांडर म्हणजे यंग गुड (पुढे नुसता गुड), आणि आक्सेल तुफवेसन म्हणजे यंग शर्मन. पहिला गातो, बाकीचे दोघं बीट्स, म्हणजे आवाजाखालचं संगीत, करतात. तुमच्यासारखीच मांडणी, आणि म्हणूनच तुला हे नीट सांगावंसं वाटतंय. 'लीन' हे नाव कोडीन या अफूच्या जातीच्या औषधाच्या, खोकल्यावरच्या सिरपवरून घेतलं असं बरेच जण धरून चालतात. अमेरिकेच्या दक्षिणेत त्या सिरपला 'लीन' म्हणतात हे खरं, पण या पोराच्या नावातच लेआन्दोएर आहे. नाव घरातून आलं. सिरपचा अर्थ त्याला आयताच चिकटला, आणि पुढे तो महागात पडला.

योनातान १९९६ च्या जुलैमध्ये जन्मला. अगदी लहानपणी काही काळ बेलारूसमधल्या मिन्स्कला होता, मग स्टॉकहोममध्ये सॉडरमाल्म बेटावर वाढला. आई परदेशातल्या विकासकामात, पुढे स्वीडनची अल्बानियातली राजदूत. वडील कवी, लेखक आणि अनुवादक. म्हणजे पुस्तकांनी भरलेलं, खाऊनपिऊन सुखी घर. हे मुद्दाम सांगतोय, कारण त्यांच्यावर झालेली पहिली टीका याच घरावरून झाली.

स्वीडनमध्ये रॅप आधीपासून होतं, पण ते वेगळ्या ठिकाणचं. १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत तिथल्या सरकारने दहा लाख घरं बांधली, त्यातली कितीतरी शहरांच्या कडेला काँक्रीटच्या वसाहतींमध्ये. पुढे तिथे चिली, तुर्कस्तान, इराण, सोमालिया अशा देशांतून आलेली कुटुंबं राहायला लागली, आणि स्वीडिश रॅपला खरा आवाज तिथून मिळाला. बोतशिर्काच्या 'द लॅटिन किंग्ज'चा १९९४ चा पहिला अल्बम आजही तिथे पाया मानला जातो. त्या पोरांनी वसाहतीतली मिसळलेली स्वीडिश भाषा रेकॉर्डवर आणली. अशा परंपरेत सॉडरमाल्मचा एक गोरा, सुखवस्तू मुलगा उठतो, स्वीडिशऐवजी मोडक्या इंग्रजीत अमेरिकन काळ्या पोरांसारखं रॅप करतो, डोक्यावर बादलीसारखी टोपी, हातात आइस्ड टीचा कॅन, व्हिडिओत जपानी अक्षरं. लोकांना ती थट्टा वाटली. काहींना चोरी वाटली. दोन्ही आक्षेपांत तथ्य होतं असं माझं मत आहे. अटलांटा आणि मायामीतल्या पोरांनी घडवलेली बोलण्याची ढब त्याने उचलली, तिची किंमत त्याला तिथल्या पोरांसारखी मोजावी लागली नाही. हे नाकारून त्यांचं कौतुक करता येणार नाही. पण तेवढ्यावर थांबलो तर त्यांनी केलेलं नवं काम दिसत नाही.

नवं काय होतं, त्याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे.

२०१० च्या आसपास अमेरिकेत 'क्लाउड रॅप' नावाचा एक प्रवाह सुरू झाला होता. कॅलिफोर्नियात लिल बी आणि मेन अट्रॅक्शन्झ, न्यू जर्सीत क्लॅम्स कसिनो हा बीट्स करणारा. कुणाच्या तरी गाण्यातला बायकी आवाजाचा तुकडा घ्यायचा, तो इतका खेचायचा आणि रिव्हर्बमध्ये, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्यात, इतका बुडवायचा की शब्द जाऊन नुसतं धुकं उरेल, आणि त्या धुक्यावर ड्रम. सॅड बॉईज हे स्टॉकहोममध्ये बसून इंटरनेटवर ऐकत होते. स्टुडिओची वाट बघायची त्यांना गरज नव्हती. तो देश तेव्हा संगीताच्या बाबतीत फार पुढे होता. गावोगावी नगरपालिकेच्या संगीतशाळा, वेगवान इंटरनेट, गाणी फुकटात उतरवायची साइट पायरेट बे तिथलीच, स्पॉटिफाय तिथलंच, स्वतःची गाणी टाकायची साइट साउंडक्लाउड बर्लिनमधली पण काढणारे दोघं स्वीडिश. सोळाव्या वर्षी लॅपटॉपवर गाणं करून रात्रीत जगापुढे ठेवणं ही त्या पोरांसाठी साधी गोष्ट होती.

पण साधनं सगळ्यांकडेच होती. गुड आणि शर्मन यांनी काय केलं ते बघ.

तुमच्याकडे 'क्योटो' असेलच, २०१३ चं. हेडफोनवर लाव आणि आवाजाकडे लक्षच देऊ नकोस. तळाला ८०८ चा लांब बास आहे. मुळात रोलंड कंपनीचं १९८० चं ड्रम मशीन, त्याच्या किकचा, म्हणजे खालच्या जड ठोक्याचा, शेपटीसारखा लांबणारा सूर. तो सूर ट्यून केलेला असतो, म्हणजे तोच बासगिटारचंही काम करतो. वरती हाय-हॅटचे, म्हणजे ड्रममधल्या झांजांचे, बारीक तुकडे, मध्येच दुप्पट-तिप्पट होणारे. इथपर्यंत हे कुठलंही ट्रॅप गाणं आहे, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रॅपच्या ढंगाचं. आता या दोन्हींच्या मधली जागा ऐक. अमेरिकन ट्रॅपमध्ये त्या जागेत ब्रास किंवा व्हायोलिनसारखं काहीतरी धमकावत असतं. या गाण्यात त्या जागी थंड, काचेसारखे सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्याचे सूर, आहेत, युरोपातल्या ट्रान्स संगीतातून आलेले, जुन्या व्हिडिओ गेममधून आलेले. धमकीच्या जागी उदासी ठेवली. इतकंच केलं, आणि सगळं बदललं.

मिक्सिंगच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी मध्यभाग रिकामा ठेवला. सिंथ डावी-उजवीकडे पसरवले, रिव्हर्ब लांब, पण रिव्हर्बमधला खालचा भाग कापून टाकलेला, म्हणून बास गढूळ होत नाही. मध्ये फक्त किक, बास आणि त्या पोराचा आवाज. आवाज सपाट, जवळजवळ बोलल्यासारखा, कधी तालाच्या किंचित मागे. रॅपर म्हणून तो तेव्हा कच्चा होता, त्याच्या चाहत्यांनाही हे ठाऊक होतं. पण एवढ्या मोठ्या, थंड खोलीत मधोमध एकटा, न सजवलेला आवाज ठेवला की ऐकणाऱ्याला तो आपल्याच कानाशी बोलतोय असं वाटतं. कच्चेपणाचा एकटेपणा झाला. हे बीट्स करणाऱ्यांचं कसब आहे, गाणाऱ्याच्या नशेचं नाही. तुझ्या मित्राला हे जरूर सांग, पण त्याआधी स्वतःला सांग. 'तो आवाज' त्याच्या गळ्यात जितका आहे तितकाच तुझ्या प्रोजेक्ट फाईलमध्ये आहे.

ऑटो-ट्यूनचंही तसंच. ते सॉफ्टवेअर १९९७ पासून बाजारात आहे. सूर दुरुस्त करण्याचा वेग शून्यावर आणला की आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जात नाही, पायरीवरून उडी मारतो. आळसावलेला, धुंद, जिभेवर कापूस ठेवल्यासारखा जो परिणाम तुम्हाला आवडतो तो बराचसा तिथून येतो. उरलेला येतो माइकच्या फार जवळून, हळू गाण्यातून. मी धडधाकट, चहा पिऊन आलेल्या माणसांकडून असे टेक्स, म्हणजे माइकवरची गायनं, घेतले आहेत.

२०१३ मध्ये 'जिनसेंग स्ट्रिप २००२'चा व्हिडिओ यूट्यूबवर पसरला तेव्हा लीन सोळा वर्षांचा होता. त्याच वर्षी 'अननोन डेथ २००२' ही मिक्सटेप, म्हणजे अल्बमसारखा गाण्यांचा संच, फुकटात आली. तिच्यातलं 'हर्ट' लुइझियानातल्या सुइसाइडइयर या प्रोड्युसरच्या बीटवर आहे, म्हणजे दोन खंडांतली पोरं फायलींची देवाणघेवाण करून गाणी करत होती. २०१४ मध्ये पहिला अल्बम, 'अननोन मेमरी', आणि त्यात ट्रॅव्हिस स्कॉट पाहुणा. दीड वर्षात एवढी मजल. युरोप-अमेरिकेत दौरे. शाळेच्या वयात.

त्यांच्या भोवती आणखी एक टोळकं होतं, तेही समजून घे, कारण लोक दोन्हींची गल्लत करतात. ब्लेडी, एक्को-टू-के, थायबॉय डिजिटल आणि प्रोड्युसर व्हाइटआर्मर. आधी त्यांचं नाव ग्रॅव्हिटी बॉईज होतं, पुढे ड्रेन गँग झालं. दोन ग्रुप, पण एकच मित्रमंडळ. एकमेकांच्या गाण्यांत, एकमेकांच्या मंचावर.

आता मायामी.

२०१५ च्या सुरुवातीला 'वॉरलॉर्ड' हा पुढचा अल्बम करायला ही मंडळी मायामीला गेली. अमेरिकेत त्यांचं काम बॅरन मॅकाट बघत होता. हिपोज इन टँक्स हे लेबल काढणारा माणूस, वय विशीतलंच. त्या लेबलने जेम्स फेरारोसारख्या प्रयोग करणाऱ्या कलाकारांचं काम छापलं होतं. म्हणजे माणूस कानाचा पक्का होता, आणि स्टॉकहोमच्या पोरांमध्ये खरं काही आहे हे त्याला फार लवकर कळलं होतं. पण घर हजारो किलोमीटरवर, झोपेला ठरलेली वेळ नाही, आणि अठरा वर्षांच्या मुलाच्या हाताशी झॅनॅक्सच्या गुंगीच्या गोळ्या, कोडीन, कोकेन. हे लीनने नंतर स्वतःच मुलाखतींतून सांगितलेलं आहे, मी ऐकीव काही सांगत नाही. एप्रिलमध्ये त्याचं भान सुटलं आणि त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. त्याच दिवसांत मॅकाट मोटार अपघातात गेला.

पुढे लीनचे वडील मायामीला गेले आणि त्याला स्वीडनला घेऊन आले. मग शहरापासून लांब, घरच्यांबरोबर काही महिने. औषधं, झोप, चालणं.

मी हे वाचतो तेव्हा दर वेळी एकाच ठिकाणी अडखळतो. त्या मायामीच्या घरात 'आज रेकॉर्डिंग नाही' हे म्हणणं ज्याचं काम आहे असा एकही माणूस दिसत नाही. मॅनेजर स्वतःच विशीतला, सगळे मित्र, आणि मित्राला आवरणं हे जगातलं सर्वात अवघड काम. मी कुणालाही दोष देत नाही. ग्रुप जितक्या वेगाने वर गेला तितक्या वेगाने त्याच्याभोवतीची माणसं वाढली नाहीत. दौरे ठरवणारे मिळाले, व्हिडिओ करणारे मिळाले. रात्री दोन वाजता बत्ती बंद करणारं कुणी मिळालं नाही.

नंतरही सुखासुखी सुटका झाली नाही. २०१६ च्या सुरुवातीला 'वॉरलॉर्ड'ची एक अर्धवट आवृत्ती त्यांच्या परवानगीविना ऑनलाइन विक्रीला आली. अल्बम करताना एक माणूस गेला, गाणारा मरता मरता वाचला, आणि कामच अपुऱ्या अवस्थेत जगापुढे. खरा 'वॉरलॉर्ड' फेब्रुवारीत आला. तो ऐकताना मला त्रास होतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. बीट्स जड, विकृत केलेले, ८०८ मुद्दाम फाटलेला, आवाज ओरडल्यासारखा. त्याचे चाहते आहेत, आणि पुढे ज्या पोरांनी साउंडक्लाउडवर फाटक्या बासचं रॅप केलं त्यांच्यावर त्याचा ठसा आहे. पण मिक्स करणाऱ्या माणसाच्या कानाला त्यात एक गोष्ट ऐकू येते: मधली रिकामी जागा नाहीशी झालीय. पहिल्या दिवसांतली ती मोठी, थंड खोली भरून गेलीय. जर नशेने आवाज घडत असता, तर सर्वात जास्त नशेच्या काळातला अल्बम सर्वात सुंदर व्हायला हवा होता. तसा तो नाही.

सुंदर अल्बम नंतर आला. 'स्ट्रेंजर', नोव्हेंबर २०१७. त्यातलं 'रेड बॉटम स्काय' ऐक, आणि मग 'अगनी' ऐक. 'अगनी'मध्ये जवळजवळ काहीच नाही. पियानो आणि त्याचा आवाज. भान सुटण्याबद्दल तो त्यात बोलतो, आणि अगदी साधेपणाने बोलतो, जसं कुणी आजारपणातून उठल्यावर अंथरुणाच्या कडेला बसून सांगतं. ते गाणं सावरल्यानंतर लिहिलेलं आहे. भान सुटलेल्या माणसाला भान सुटणं इतक्या स्वच्छपणे सांगता येत नाही. तुझ्या मित्राच्या 'शुद्धीवर असताना असं गाता येत नाही' याला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही. बाकी काही ऐकवलं नाहीस तरी चालेल, त्याला हे एक गाणं ऐकव, आणि ते कधी झालं तेही सांग.

मधल्या काळात त्या लोकांनी एक शहाणपणाचं काम केलं. २०१५ मध्येच स्टॉकहोममध्ये यिअर झीरो झीरो झीरो वन हे लेबल उभं राहिलं. काढणारे ओळखीतलेच, एमिलिओ फागोने आणि ऑस्कर एकमान. फागोने लीनचा मॅनेजर. म्हणजे कारभार घरी आला. ऑफिस त्याच शहरात जिथे आईवडील राहतात, मित्र राहतात. ब्लेडीचा 'एव्हरसिन्स' २०१६ मध्ये तिथूनच आला, एक्को-टू-केचा 'ई' २०१९ मध्ये तिथूनच. हे वाचायला कंटाळवाणं वाटेल, पण ग्रुप तरला त्यात या कंटाळवाण्या गोष्टीचा वाटा मी फार मोठा मानतो. ज्या मंडळींचा एक जण मायामीत कोसळतो ती सहसा दोन वर्षांत पांगतात. यांनी उलट केलं, जास्त जवळ आली.

थायबॉयची गोष्ट त्याच वर्षातली, पण वेगळ्या प्रकारची. तो लहानपणी थायलंडहून स्वीडनला आला होता, तिथेच वाढला. २०१५ मध्ये त्याला राहण्याची परवानगी उरली नाही आणि त्याला बँकॉकला परतावं लागलं. त्यात ना नशेचा संबंध, ना कुणाच्या चुकीचा. फक्त कागद. आणि ग्रुपने त्याला सोडलं नाही. गाणी फायलींवर होत राहिली, त्याचा 'लेजंडरी मेंबर' २०१९ मध्ये आला, ड्रेन गँगमध्ये तो आजही आहे. लीन घरी आला आणि थायबॉय घरापासून गेला, दोन्ही एकाच वर्षी. या मंडळींच्या गाण्यांत निरोपाचा जो सूर सारखा येतो तो मला त्या वर्षानंतर जास्त खरा वाटायला लागला.

पुढचं भरभर सांगतो, कारण ते तुम्हाला माहीत असेल. फ्रँक ओशनच्या २०१६ च्या 'ब्लॉन्ड'मध्ये लीनचा आवाज आहे. २०२० मध्ये 'स्टार्झ' आला, बीट्स मुख्यतः व्हाइटआर्मरचे, आणि त्याच वर्षी त्याच्या आयुष्यावरचा माहितीपट. योनातान लेआन्दोएर ९६ या नावाने तो गिटार-पियानोवरची, रॅपशी फारसा संबंध नसलेली गाणीही करत राहिला. 'जिनसेंग स्ट्रिप २००२' नऊ वर्षांनी, २०२२ मध्ये, टिकटॉकवर पुन्हा उसळलं, ज्यांनी ते उचललं त्यातली कितीतरी मुलं ते गाणं आलं तेव्हा शाळेतही गेली नव्हती. २०२४ मध्ये ब्लेडीबरोबर 'सायकोस', त्याच वर्षी चार्ली एक्ससीएक्सच्या गाण्याच्या रिमिक्सवर रॉबिनसोबत. आणि २०२५ च्या मे महिन्यात नवा अल्बम, नाव 'योनातान'. स्वतःचं खरं नाव.

याच वाटेने गेलेले सगळेच असे परतले नाहीत. ह्यूस्टनचा डीजे स्क्रू, ज्याने गाणी हळू करून वाजवण्याची सगळी रीत घालून दिली, ज्याच्यामुळे सिरप आणि हळू संगीत ही जोडी लोकांच्या डोक्यात बसली, तो २००० मध्ये त्याच सिरपच्या अतिसेवनाने एकोणतिसाव्या वर्षी गेला. लिल पीप, ज्याच्या संगीताचं सॅड बॉईजशी सरळ नातं आहे, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये गेला, एकविसाव्या वर्षी, फेंटनिल या जबर वेदनाशामकाने आणि झॅनॅक्सने. 'स्ट्रेंजर' आला त्यानंतर पाच दिवसांनी. ज्यूस वर्ल्ड २०१९ मध्ये, तोही एकवीसच. तिघांचीही गाणी मी ऐकतो. एकविसाव्या वर्षानंतर त्या दोघांनी काय केलं असतं याचा विचार मनातून जात नाही.

आता माझी एक गोष्ट सांगतो. आजवर फारशी कुणाला सांगितली नाही.

आठेक वर्षांपूर्वी माझ्या स्टुडिओत एक मुलगा यायचा. नाव सांगणार नाही. गळा असा की एका टेकमध्ये काम व्हायचं. हळूहळू तो बॅगेत बाटली घेऊन यायला लागला. मला दिसत होतं. तो माइकवर झोपाळल्यासारखा बोलायचा, मित्र म्हणायचे काय व्हाइब आहे, आणि मी रेकॉर्डचं बटण दाबायचो. सेशनचे पैसे आलेले असायचे, तारीख दिलेली असायची. एका रात्री त्याने एकाच ओळीचे चाळीस-बेचाळीस टेक्स दिले. दुसऱ्या दिवशी ऐकले तर एकही वापरण्यासारखा नव्हता. तालाच्या मागे असणं वेगळं, ताल हरवणं वेगळं. शेवटी मी त्याचे सहा महिन्यांपूर्वीचे टेक्स काढून त्यातून गाणं बांधलं. लोकांनी त्या गाण्याचं कौतुक केलं, 'धुंद' आवाजाचं विशेष. तो आवाज शुद्धीतला होता. ती धुंदी मी सॉफ्टवेअरच्या प्लगइनमधून आणली होती.

तो मुलगा आज बरा आहे. पण गाणं सोडलं त्याने. परत माइकसमोर उभं राहिलं की ते दिवस आठवतात, म्हणतो. त्या रात्री तिसऱ्या टेकनंतर मी मशीन बंद करून त्याला घरी सोडून आलो असतो तर काय झालं असतं, माहीत नाही. पण मी ते केलं नाही, आणि त्या खोलीत वयाने आणि अनुभवाने मोठा मीच होतो.

म्हणून तुला जे सांगतोय ते नीट ऐक.

तुझ्या मित्राच्या दोन गोष्टी एकत्र चालू आहेत, आणि धोका त्या एकत्र असण्यात आहे. कोडीन श्वास मंदावतं. झॅनॅक्सच्या जातीच्या झोपेच्या गोळ्याही श्वास मंदावतात. दोन्ही एका रात्री घेतल्या तर झोपेतच श्वास थांबू शकतो. तो गाढ घोरत असेल, हाक मारून, हलवून उठत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर 'झोपू दे' म्हणू नका. सरळ १०८ ला फोन करा आणि कुशीवर वळवून ठेवा. दुसरं, चार महिने गोळ्या घेतल्या असतील तर त्याला एका दिवसात सगळं बंद करायला लावू नका. या गोळ्या अचानक तोडल्या तर फिट येऊ शकते. डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात. मी डॉक्टर नाही, एवढंच मला पक्कं माहीत आहे, पुढचं मनोविकारतज्ज्ञाने ठरवायचं.

सांगलीत सरकारी रुग्णालयात दाखवता येईल. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आहे. पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ पासून. अनिता अवचट यांनी उभं केलेलं. तिथे घरच्यांशीही बोलतात, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण तुला त्याच्या घरी सांगावं लागणार आहे. तो चिडेल. दोस्ती तोडीन म्हणेल. लीनला मायामीतून आणायला त्याचे वडील विमानात बसले होते. इथे विमानाचीही गरज नाही, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायचंय.

गाण्याचं काय, हे तुझ्या मनात असणार. ठेवा बाजूला. लीनच्या दोन पूर्ण अल्बमांमध्ये वर्षभराहून जास्त काळ गेला, कुणी त्याला विसरलं नाही. दरम्यान तुम्ही दोघं बीट्स करा. मध्यभाग रिकामा ठेवायची सवय लावा. सिंथचे स्टेम्स, म्हणजे सुट्या फायली, वेगळे काढून ठेवा, रिव्हर्ब त्यांच्यात कायमचा मिसळून टाकू नका, कारण त्याचा आवाज परत येईल तेव्हा त्याच्या सुराप्रमाणे खोली लहान-मोठी करावी लागेल. त्याचे जुने टेक्स, सिरपच्या आधीचे, एका वेगळ्या ड्राइव्हवर टाका. तो भेटायला तयार होईल त्या दिवशी ते त्याला काहीही न बोलता ऐकवा. चार महिन्यांपूर्वीचा आणि आत्ताचा, पाठोपाठ, एकाच व्हॉल्यूमला. मग 'अगनी' लाव.

आणि त्याच्या घरी कोण आहे, आई, मोठा भाऊ, जे कोणी, त्यांच्याशी आज रात्रीच बोल. त्यांना समजावून सांगायला अवघड जात असेल तर फोन मला लावून दे, मी बोलतो.